गुगल स्कॉलर रिव्ह्यू: सुपरकंडक्टिव्हिटीतल्या माणसांचं काम यात किती दिसतं, किती दिसत नाही

फुकट मिळणाऱ्या गोष्टीचा रिव्ह्यू सहसा कुणी लिहीत नाही. पण गुगल स्कॉलर आता नुसतं पेपर शोधायचं साधन राहिलेलं नाही, पीएचडीला गाईड कोण घ्यायचा, मुलाखतीला कुणाला बोलवायचं, बढतीच्या फॉर्मवर काय भरायचं हे सगळं तिथल्या प्रोफाइलच्या उजव्या कोपऱ्यातल्या आकड्यावर ठरायला लागलंय, म्हणून लिहितेय. मी एमएस्सीच्या मुलांना सॉलिड स्टेट फिजिक्स शिकवते आणि दरवर्षी कुणी ना कुणी येऊन विचारतंच, "मॅडम, या सरांचा एच-इंडेक्स इतका आहे, चांगला ना?" सुपरकंडक्टिव्हिटी, म्हणजे ठरावीक तापमानाखाली काही पदार्थांचा विजेला होणारा अडथळा (रेझिस्टन्स) पूर्ण नाहीसा होणं, हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय, त्यातली माणसं आणि त्यांचं काम मला बऱ्यापैकी माहीत आहे, म्हणून त्यांच्याच रेकॉर्डवर ही सर्व्हिस तपासून बघितली. स्टार आधीच सांगते: पेपर शोधायला पाचपैकी साडेचार, माणूस मोजायला दोन.

थोडक्यात माहिती. नोव्हेंबर २००४ मध्ये हे सुरू झालं, बनवणारे दोघं, अनुराग आचार्य आणि अ‍ॅलेक्स व्हर्स्टाक, त्यातले आचार्य आपल्या आयआयटी खरगपूरचे. २०११ पासून कुणालाही स्वतःचं प्रोफाइल उघडता येतं, त्यात पेपरची यादी, एकूण सायटेशन (म्हणजे इतर पेपरमध्ये झालेले उल्लेख), एच-इंडेक्स (तो काय ते पुढे सांगते), आय-टेन इंडेक्स (किमान दहा सायटेशन असलेल्या पेपरची संख्या) आणि वर्षावार खांबांचा ग्राफ. स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स हेच काम करतात पण त्यांची वर्गणी परवडते ती मोठ्या संस्थांना, तालुक्याच्या कॉलेजमधल्या मुलाला हे एकच दार उघडं आहे आणि त्याबद्दल मला या सर्व्हिसचं खरोखर कौतुक आहे.

आता यातलं सगळ्यात भारी काय, तर 'साइटेड बाय'. कुठल्याही पेपरखाली ही लिंक असते, दाबली की त्याचा उल्लेख करणारे नंतरचे सगळे पेपर समोर. बेडनॉर्झ आणि म्यूलर यांचा १९८६ चा पेपर घेऊन बघा. दोघं झुरिकजवळच्या आयबीएम लॅबमधले, म्यूलर यांचं आयुष्य पेरोव्हस्काइट नावाच्या रचनेच्या ऑक्साइडवर गेलेलं, सुपरकंडक्टिव्हिटीत ते तसे नवखेच. चांगला सुपरकंडक्टर हवा तर धातू आणि मिश्रधातूंमध्येच शोधायचा असं तेव्हा बहुतेक जण धरून चालले होते, सर्वात जास्त तापमानाला सुपरकंडक्टर होण्याचा नायोबियम-जर्मेनियमचा २३ केल्विनचा (म्हणजे उणे २५० अंश सेल्सियसचा) रेकॉर्ड १९७३ पासून जागचा हलला नव्हता, आणि या दोघांनी बेरियम-लँथॅनम-कॉपर ऑक्साइडच्या सिरॅमिकमध्ये ३० केल्विनच्या आसपास रेझिस्टन्स घसरायला लागतो असं दाखवलं. जर्नल कुठलं, तर झाइटश्रिफ्ट फ्यूर फिजीक, आज इम्पॅक्ट फॅक्टर (जर्नलमधल्या पेपरना सरासरी किती सायटेशन मिळतात तो आकडा) बघून वाचणाऱ्यांनी ढुंकूनही बघितलं नसतं असं. तर त्याच्या साइटेड बायमध्ये जा आणि डावीकडे वर्षाची मर्यादा १९८६ ते १९८७ टाका. अक्षरशः वादळ दिसतं. टोकियोच्या तनाका ग्रुपने वर्षअखेरीपर्यंत खात्री करून दिली, ह्यूस्टनचे पॉल चू आणि अलाबामातले मॉ-क्वेन वू यांनी लँथॅनमच्या जागी इट्रियम घालून ९३ केल्विन गाठले म्हणजे द्रव नायट्रोजनच्या उकळबिंदूच्या, ७७ केल्विनच्याही वर, तो पेपर मार्च १९८७ मध्ये आला, त्याच महिन्यात १८ तारखेला न्यूयॉर्कच्या हिल्टन हॉटेलात या नव्या सुपरकंडक्टरवरचं रात्रभर चाललेलं ते प्रसिद्ध सेशन झालं आणि ऑक्टोबरमध्ये बेडनॉर्झ-म्यूलरना नोबेल. पेपर जर्नलकडे पोचल्यापासून जेमतेम दीड वर्ष! हे पुस्तकात चार ओळीत वाचणं वेगळं आणि त्या दोन वर्षांतले पेपर एकामागून एक उघडत जाणं वेगळं, मुलांना मी हे आवर्जून करायला लावते.

अजून एक सोय बऱ्याच जणांना माहीतच नसते. साइटेड बायच्या पानावर वरती एक छोटा चौकोन असतो, 'सर्च विदिन सायटिंग आर्टिकल्स', त्यावर टिक केली की फक्त त्या उल्लेख करणाऱ्या पेपरमध्येच शोधता येतं. हे अमृत आहे. का ते पुढे सांगते.

आता माणूस मोजायच्या भागाकडे. एच-इंडेक्स म्हणजे काय, तर तुमचे वीस पेपर असे असतील की प्रत्येकाला किमान वीस सायटेशन आहेत, तर तुमचा एच वीस. हा आकडा २००५ साली काढला होर्हे हर्श यांनी, आणि ते कोण, तर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो कॅम्पसमधले सुपरकंडक्टिव्हिटीवर काम करणारे थिअरिस्ट, जन्माने अर्जेंटिनाचे. म्हणजे जगभरच्या सगळ्या विषयांच्या प्राध्यापकांना मोजायची ही पट्टी आमच्याच गल्लीत तयार झाली. त्या मूळ पेपरमध्ये त्यांनी भौतिकशास्त्रज्ञांचे आकडेही दिले होते: एडवर्ड विटेन ११०, मार्विन कोहेन ९४, फिलिप अँडरसन ९१, झॅकरी फिस्क ७५, ब्रायन मेपल ६६, स्टीफन हॉकिंग ६२. यातले कोहेन, अँडरसन, फिस्क, मेपल सगळे कमीजास्त सुपरकंडक्टिव्हिटीवाले. फिस्क यांचं नाव प्रामुख्याने उत्तम क्रिस्टल वाढवण्यासाठी घेतलं जातं, हॉकिंग कागदावर विश्वाचा विचार करणारे, आता ७५ आणि ६२ शेजारी ठेवून नेमकं काय कळलं? दोन वेगळ्या प्रकारची कामं आहेत एवढंच, आणि ते आकडा न बघताही माहीत होतं. हर्श यांनी स्वतःच त्या पेपरमध्ये लिहिलंय की एका आकड्यातून माणसाच्या कामाचा फार तर ढोबळ अंदाज येतो. पुढे २०२० मध्ये तर त्यांनी जाहीरपणे लिहिलं की या मोजमापाचे वाईट, अनपेक्षित परिणामही होऊ शकतात असं त्यांना आता वाटतं. पट्टी बनवणारा माणूस हे सांगतोय, आणि आपल्याकडे फॉर्मवर तो रकाना रिकामा ठेवला तर फॉर्म परत येतो.

हर्श यांचंच रेकॉर्ड स्कॉलरवर बघा, याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही. त्यांचा सगळ्यात जास्त सायटेशनवाला पेपर कुठला? एच-इंडेक्सचाच, दहा हजारांच्या पुढे, आणि त्यात सुपरकंडक्टिव्हिटी शून्य. त्याखालोखाल हबर्ड मॉडेलवरचं १९८५ चं कॉम्प्युटर सिम्युलेशन, स्पिन हॉल इफेक्टवरचा १९९९ चा पेपर, ही सगळी मान्यता पावलेली कामं. पण ज्या गोष्टीसाठी हा माणूस १९८० च्या दशकाच्या शेवटापासून झगडतोय, म्हणजे होल सुपरकंडक्टिव्हिटी (ती इलेक्ट्रॉनांच्या रिकाम्या जागांमुळे, म्हणजे 'होल'मुळे होते हे मत), आणि बार्डीन-कूपर-श्रीफर यांची १९५७ ची बीसीएस थिअरी (इलेक्ट्रॉनांच्या जोड्या जमून सुपरकंडक्टिव्हिटी येते हे रुळलेलं स्पष्टीकरण) चुकीची आहे हा दावा, तो या क्षेत्रातले बहुसंख्य लोक मान्य करत नाहीत. मीही करत नाही. पण प्रोफाइलच्या कोपऱ्यात हे तिन्ही एकत्र मिसळून एकच बेरीज येते: मोजमापावरचा पेपर, सर्वमान्य काम आणि वादग्रस्त काम. यांचा सुपरकंडक्टिव्हिटीतला प्रभाव किती, हा प्रश्न घेऊन तुम्ही त्या आकड्याकडे गेलात तर रिकाम्या हाताने परत येता.

आणि तरीही हाच माणूस एका फार महत्त्वाच्या जागी बरोबर निघाला. २०२० मध्ये अमेरिकेतल्या रोचेस्टर विद्यापीठाच्या रंगा डायस यांच्या ग्रुपने नेचरमध्ये दावा केला की कार्बन, गंधक आणि हायड्रोजनचं संयुग २६७ गिगापास्कल (हवेच्या दाबाच्या सुमारे २६ लाख पट) दाबाखाली १५ अंश सेल्सियसला, म्हणजे चक्क हिवाळ्यातल्या पुण्याच्या तापमानाला, सुपरकंडक्टर होतं. जगभर बातम्या. हर्श यांनी मॅग्नेटिक ससेप्टिबिलिटीचा (पदार्थ चुंबकीय क्षेत्राला कसा प्रतिसाद देतो त्या मोजमापाचा) कच्चा डेटा मागायचा तगादा लावला, सोडलाच नाही, डेटा आल्यावर जिनिव्हाच्या डिर्क व्हान डेर मारेल यांच्यासोबत तो उभा-आडवा तपासला आणि बॅकग्राउंड (सॅम्पलचा नसलेला, उपकरणाचा वगैरे सिग्नल) वजा केल्याचं जे सांगितलं जातंय ते आकड्यांशी जुळत नाही असं दाखवलं. सप्टेंबर २०२२ मध्ये नेचरने पेपर मागे घेतला. मार्च २०२३ मध्ये त्याच ग्रुपचा ल्युटेशियम हायड्राइडचा दुसरा पेपर, यावेळी २९४ केल्विन आणि दाबही फक्त १ गिगापास्कल, तोही नोव्हेंबरमध्ये मागे गेला, आणि विद्यापीठाच्या चौकशीत पुढे संशोधनातली गैरवर्तणूक सिद्ध झाली. आता स्कॉलर या सगळ्याचं काय करतं? मोजत राहतं. रिट्रॅक्ट झालेल्या पेपरची सायटेशनं बेरजेतून आणि एच-इंडेक्समधून वजा होत नाहीत, आणि त्यात "हे चुकीचं आहे" म्हणणारे पेपरसुद्धा एकेक सायटेशन म्हणून जमेच्याच बाजूला पडतात. हर्श यांनी डायस यांच्यावर टीकेचा पेपर लिहिला की डायस यांचा आकडा एकने वाढला, इतकं सरळ आहे ते. डेटा तपासण्यात जो वेळ गेला, जी भांडणं झाली, त्याचं मोल मोजायला या सर्व्हिसकडे काहीच नाही, आणि माझ्या मते हर्श यांच्या कारकिर्दीतलं ते एक फार मोठं काम आहे.

इथे तो चौकोन कामाला येतो बघा. एखादा गाजलेला पेपर काढा, साइटेड बायमध्ये जा, टिक करा आणि त्यात 'रिट्रॅक्शन' किंवा 'बॅकग्राउंड सबट्रॅक्शन' किंवा 'कमेंट ऑन' टाइप करा. पाच मिनिटांत कळतं की लोक पेपरचा आधार घेतायत का त्याच्याशी भांडतायत. २०१५ मध्ये मायन्झच्या इरेमेट्स ग्रुपने हायड्रोजन सल्फाइडमध्ये २०३ केल्विनचा दावा केला, तोही नेचरमध्ये, तोही प्रचंड दाबाखाली, पण तो दावा टिकतो असं इतर लॅबनीही सांगितलं. हा पेपर आणि डायस यांचा, दोन्हींची सायटेशनं प्रोफाइलमध्ये एकाच मोलाने धरली जातात. फरक कळायला वाचावंच लागतं.

आता दुसरी बाजू, जिथे आकडा खोटा नाही पण त्याचा अर्थ लावायला माहिती लागते. केन्जी वातानाबे आणि ताकाशी तानिगुची ही जपानच्या त्सुकुबातल्या निम्स या संस्थेतली जोडी. ग्राफीनवरचा (कार्बनचा एका अणूइतका जाड थर) कुठलाही महत्त्वाचा पेपर उघडा, लेखकांत ही दोन नावं असण्याची शक्यता भरपूर. २०१८ मध्ये एमआयटीच्या हारियो-हेरेरो ग्रुपने दोन ग्राफीनचे थर १.१ अंशाने फिरवून सुपरकंडक्टिव्हिटी मिळवली, त्या पेपरवरही हे दोघं आहेत. कारण? ग्राफीनला खालून-वरून झाकायला अतिशुद्ध बोरॉन नायट्राइडचे स्फटिक लागतात आणि ते यांच्यासारखे फार कमी लोक बनवू शकतात, मोठ्या दाबाच्या जुन्या अवाढव्य प्रेसवर वर्षानुवर्षं घालवून कमावलेलं कसब आहे ते. त्यांच्या पेपरची संख्या बघून काही जण नाक मुरडतात, मला ते अजिबात पटत नाही. त्यांच्या क्रिस्टलशिवाय ते क्षेत्र आज जिथे आहे तिथे पोचलंच नसतं. पण हा योगदानाचा प्रकार वेगळा, आणि स्कॉलर पहिला लेखक, शेवटचा लेखक, सॅम्पल देणारा, गणित करणारा सगळ्यांना एकेक पूर्ण सायटेशन देऊन मोकळं होतं. त्यामुळे थिअरिस्टचा एच ३० आणि क्रिस्टलवाल्याचा एच ९० असं लिहून कुणी तुमच्यासमोर ठेवलं तर तुलना करूच नका.

याच्या बरोबर उलटं टोक म्हणजे ब्रायन जोसेफसन. १९६२, केंब्रिजमधला २२ वर्षांचा पीएचडीचा विद्यार्थी, दोन सुपरकंडक्टरमध्ये पातळ इन्सुलेटर ठेवला तरी व्होल्टेज न लावता करंट वाहील असं भाकीत करतो, फिजिक्स लेटर्समधला छोटासा पेपर. १९७३ चं नोबेल. त्यावरून स्क्विड (अतिसूक्ष्म चुंबकीय क्षेत्र मोजणारी उपकरणं) आले, व्होल्टचं मानक आलं, आजचे सुपरकंडक्टिंग क्युबिट (क्वांटम कॉम्प्युटरचे घटक) आले, आणि २०२५ चं नोबेल क्लार्क, डेव्होरे, मार्टिनिस यांना मिळालं तेही जोसेफसन जंक्शनवरच्या (म्हणजे याच मांडणीवरच्या) १९८४-८५ च्या प्रयोगांसाठी. पण जोसेफसन नंतर मन आणि पॅरासायकॉलॉजीकडे वळले, सुपरकंडक्टिव्हिटीवरचे पेपर मोजकेच राहिले. एच-इंडेक्स कधीच पेपरच्या संख्येच्या वर जाऊ शकत नाही, तीन पेपरना दहा-दहा हजार सायटेशनं असली तरी एच तीनच! आजच्या छाननीत जोसेफसन यांचा अर्ज पहिल्या चाळणीतच गळाला असता, हे मी अगदी गांभीर्याने म्हणतेय.

शिवाय फारच मोठं काम झालं की सायटेशन यायचीच थांबतात. १९११ मध्ये लायडनला कॅमरलिंग ओनेस यांनी पाऱ्यात ४.२ केल्विनला सुपरकंडक्टिव्हिटी बघितली, १९३३ मध्ये माइसनर आणि ओक्सेनफेल्ड यांनी सुपरकंडक्टरमधून चुंबकीय क्षेत्र बाहेर ढकललं जातं हे दाखवलं. आज हजारो पेपरमध्ये 'माइसनर इफेक्ट' असं लिहिलेलं असतं पण मूळ पेपरचा संदर्भ किती जण देतात? गरजच वाटत नाही. 'कूपर पेअर'चं, म्हणजे बीसीएसमधल्या इलेक्ट्रॉनांच्या जोडीचं, तेच. बीसीएसचा पेपर अजून भरपूर साइट होतो, दहा हजारांच्या कितीतरी वर, तरी त्याचा खरा प्रभाव त्याहून कित्येक पट. आणि हे लोक हयात नाहीत, प्रोफाइल उघडणारं कुणी नाही, त्यामुळे बार्डीनसारख्या फिजिक्सचं नोबेल दोनदा मिळालेल्या माणसाचं काम शोधायला पेपर एकेक करून काढावे लागतात. हा स्कॉलरचा दोष म्हणायचा का, मला नाही वाटत, पण सायटेशनच्या आकड्याला प्रभाव समजू नका एवढं यातून दिसतं.

आकडा फुगवणंही सोपं आहे. २०१० मध्ये सिरिल लाब्बे या फ्रेंच संशोधकाने मुद्दाम आइक अँटकेअर नावाचा अस्तित्वात नसलेला शास्त्रज्ञ तयार केला, कॉम्प्युटरने बनवलेले शंभरेक निरर्थक पेपर एकमेकांना साइट करून नेटवर टाकले आणि त्याचा स्कॉलरवरचा एच-इंडेक्स गेला ९४ वर. हर्श यांच्या यादीत मार्विन कोहेन यांचा किती होता? ९४. स्कॉलर नेटवर जे पेपरसारखं दिसेल ते उचलतं, त्यामुळे थीसिस, प्रीप्रिंट (जर्नलमध्ये छापण्याआधी नेटवर टाकलेली प्रत), जुनी रिपोर्टं मिळतात हा फायदा आणि कचराही येतो हा तोटा, दोन्ही एकाच कारणाने.

आपल्या इथलं सांगायचं तर मुंबईत कुलाब्याला असलेल्या टीआयएफआरकडे (टाटा मूलभूत संशोधन संस्था) बघा. जानेवारी १९९४ मध्ये तिथल्या नागराजन, मजुमदार, गुप्ता वगैरे मंडळींचा पेपर आला, इट्रियम-निकेल-बोरॉन-कार्बन, १२ केल्विनला सुपरकंडक्टर. त्याच महिन्यात बेल लॅब्जच्या कावा ग्रुपचे बोरोकार्बाइडवरचे पेपर नेचरमध्ये, तिथे पॅलेडियमवाल्या संयुगात २३ केल्विन. दोन्ही साइटेड बाय उघडून वाचा, चुंबकत्व आणि सुपरकंडक्टिव्हिटी एकत्र नांदतात का यावरचं पुढच्या दशकातलं बरंच काम त्यातून उलगडतं, आणि कुलाब्यातल्या लॅबचं त्यात स्थान काय हे आकड्यापेक्षा त्या वाचनातून चांगलं कळतं. नंतर २०१७ मध्ये तिथल्याच रामकृष्णन यांच्या ग्रुपने सायन्समध्ये दाखवलं की शुद्ध बिस्मथचा क्रिस्टल साध्या दाबाला ०.५३ मिलिकेल्विनला सुपरकंडक्टर होतो. बिस्मथमध्ये साधारण लाख अणूंमागे एक चार्ज कॅरियर (वीज वाहून नेणारा कण), नेहमीच्या बीसीएसच्या चौकटीत हे बसत नाही. इतक्या खाली तापमान नेणारे क्रायोस्टॅट जगात मोजक्या ठिकाणी आहेत, हे काम पुन्हा करून बघू शकणारेच थोडे, मग ज्या विषयात कुठल्याही विद्यापीठात भट्टीत पावडर भाजून पेपर होतो त्याच्याशी सायटेशनची स्पर्धा कशी होणार? कॅरियर कमी, तापमान अतिनीच आणि काम अतिशय अवघड, हे त्या आकड्यात कुठेच लिहिलेलं नसतं.

बाकी तक्रारी पटकन. सेल्फ-सायटेशन वगळून आकडा बघायची सोय नाही, स्कोपसमध्ये आहे. सारख्या नावाच्या माणसांचे पेपर एकमेकांच्या प्रोफाइलमध्ये घुसतात, आद्याक्षर आणि आडनाव एवढंच छापणाऱ्या जर्नलमुळे भारतीय आणि चिनी नावांना हा त्रास जास्त, त्यामुळे यादी वरपासून खालपर्यंत एकदा नजरेखालून घाला, एखादा शेतीचा किंवा दातांचा पेपर मध्येच दिसला तर समजा. सायटेशनच्या आकड्याशेजारी चांदणी दिसली तर दोन वेगळ्या नोंदी एकत्र केलेल्या असू शकतात. 'ऑल व्हर्जन्स' मात्र विसरू नका, पैसे मागणाऱ्या पेपरची फुकट प्रीप्रिंट बऱ्याचदा तिथेच लपलेली असते.

गाईड शोधणाऱ्या मुलांना मी आता असं करायला सांगते: प्रोफाइल उघडा, कोपरा सोडून द्या, यादी वर्षानुसार लावा, शेवटच्या पाच वर्षांतले असे पेपर काढा ज्यात पहिलं नाव विद्यार्थ्याचं आणि शेवटचं सरांचं आहे, त्यातले दोन पूर्ण वाचा, मग त्यांच्या साइटेड बायमध्ये जाऊन बाहेरच्या ग्रुपने ते काम कशासाठी वापरलंय ते बघा. एक संध्याकाळ जाते. आणि जो पेपर आवडला त्यावर अलर्ट लावून ठेवा, नवीन कुणी साइट केलं की ईमेल येतो, त्याला पैसे पडत नाहीत.